आपोआप

साखरपुड्याच्या फोटोंत सगळे हसताहेत. हे सोडून.

डिसेंबर २०१७. ठाण्यात घंटाळीजवळच्या एका हॉलमध्ये आमच्या मुलीचा साखरपुडा होता. मुलगा आम्हा दोघांच्या मनासारखा, माणसं साधी, देण्याघेण्याचा विषय कोणी काढलाच नव्हता. पेढे भरवून झाले आणि विहीणबाई मला हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या, "व्याही नाराज आहेत का हो? आमचं काही चुकलं का?" मी वळून पाहिलं. हे खुर्चीत बसले होते. हात मांडीवर, नजर समोर, चेहऱ्यावर काहीच नाही. जावयाने वाकून नमस्कार केला तरी चेहरा तसाच. रात्री झोप झाली नाही, पित्त वाढलंय, असं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. पण घरी येताना रिक्षात ह्यांना फार बोलले. मुलीच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, तेवढ्यापुरतं तरी हसायचं होतं, लोकांनी काय समजायचं, असं बरंच काही. हे गप्प होते. त्या गप्प बसण्याचाही मला राग आला.

सात महिन्यांनी, जुलै २०१८ मध्ये, ह्यांना पार्किन्सन असल्याचं निदान झालं.

हे लिहायला बसलेय ते मुख्यतः त्या रिक्षातल्या बोलण्यामुळे. आजाराची माहिती आता कुठेही मिळते. पण हा आजार घरात शिरतो तेव्हा आजारासारखा दिसत नाही. आपल्या माणसाचा स्वभाव बदलला, तो आळशी झाला, तुटक झाला, मुद्दाम हळू करतो, असंच वाटत राहतं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर आमचं एक वर्ष वेगळं गेलं असतं.

हे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आधी ड्रॉइंग बोर्डवर आणि नंतर कॉम्प्युटरवर काम केलं, पण ह्यांचं हातचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. मी तेहेतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, वह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले, तरी असं अक्षर क्वचितच पाहिलं. २०१७ च्या उन्हाळ्यात सही जुळत नाही म्हणून एक चेक परत आला. पंधरा दिवसांनी दुसरा आला. बँकेतल्या माणसाने जुनी आणि नवी सही शेजारी ठेवून दाखवली. वळणं तीच, पण सगळी आक्रसलेली. नावाची सुरुवात बरी, आडनावापर्यंत पोचता पोचता अक्षर मुंगीएवढं. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. नवा चष्मा झाला. वाण्याच्या यादीतलं अक्षर मात्र बारीकच होत गेलं.

त्याच सुमारास उजवा खांदा धरला. हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं आणि आम्ही चार महिने शेक आणि व्यायाम घेतला. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पार्किन्सनची सुरुवात अनेकांमध्ये अशीच एका खांद्याच्या आखडण्याने होते आणि वयाच्या साठीत खांदा धरला तर कोणीही आधी सांध्याकडेच बघणार. चालण्यातही फरक पडला होता. राममारुती रोडवर खरेदीला गेलो की मी पुढे आणि हे दहा पावलं मागे. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं. जेवायला बसलो की माझं ताट धुऊन व्हायचं तरी ह्यांचा भात संपलेला नसायचा. मी दर वेळी म्हणायचे, "अहो, आवरा की लवकर." शाळेत पोरांना म्हणायचे अगदी त्याच सुरात.

खांद्याच्या व्यायामासाठी जिच्याकडे जात होतो त्या फिजिओथेरपीच्या ताईंनी एक दिवस ह्यांना खोलीतून बाहेर चालत जाताना मागून पाहिलं. हाक मारून परत बोलावलं. "काका, पुन्हा एकदा त्या दारापर्यंत चालून या." मग मला म्हणाल्या, "काकू, डावा हात बघा आणि उजवा बघा." डावा हात पावलाबरोबर झुलत होता. उजवा कोपरात किंचित वाकून अंगाला चिकटून राहिला होता. पस्तीस वर्षं मी ह्या माणसाबरोबर चालतेय आणि मला ते दिसलं नव्हतं. ताईंनी आजाराचं नाव घेतलं नाही, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा एवढंच म्हणाल्या.

न्यूरॉलॉजिस्टकडे मी रिपोर्टांची फाइल घेऊन गेले होते. त्यांनी ती बाजूला ठेवली. ह्यांना अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला सांगितली. डाव्या हाताची बोटं उघडमीट करत राहिली. उजव्या हाताची हालचाल पाच-सहा वेळांत लहान होत गेली आणि थांबली. मला लगेच ती सही आठवली. मग मनगट धरून फिरवून पाहिलं आणि मलाही धरून बघायला लावलं. हात सरळ फिरत नव्हता, दातेरी चाक फिरावं तसा टप्प्याटप्प्याने अडकत फिरत होता. मग चालणं, वळणं, मागे उभं राहून खांद्यांना धरून ओढलं तर तोल सावरतो का हे पाहणं. शेवटी एक वाक्य लिहायला सांगितलं.

आणि मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "ह्यांना वास येतो का?" मी गोंधळले. वासाचा काय संबंध? मग आठवलं. कितीतरी वर्षांपूर्वी मी अंघोळीला गेले असताना गॅसवर दूध करपून भांडं काळं झालं होतं. हे दोन हातांवर पेपर वाचत बसले होते आणि ह्यांना पत्ता नव्हता. लक्ष नसतं म्हणून तेव्हाही मी बोलले होते. "झोपेत ओरडतात का, हातपाय झाडतात का?" हो. एकदा तर स्वप्नात कोणाला तरी लाथ मारताना पलंगावरून खाली पडले होते. तेव्हापासून आमच्या दोघांच्या मध्ये मी लोड ठेवते. "बद्धकोष्ठ?" रोज रात्री इसबगोल, निदान आठ वर्षं.

ही तिन्ही लक्षणं हात-पाय जड होण्याच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतात, असं डॉक्टर म्हणाले. एकेकटी असली तर त्यांचा अर्थ पार्किन्सन असा होत नाही. बद्धकोष्ठ तर निम्म्या घरांत असतं. पण आमच्या घरात तिन्ही होती आणि आम्ही ती तीन वेगवेगळ्या कप्प्यांत टाकली होती.

रक्त तपासून पार्किन्सन सांगता येत नाही. साधा एमआरआय दुसरं काही नाही ना, जुना पक्षाघात, गाठ, मेंदूत साठलेलं पाणी, हे पाहण्यासाठी काढतात. निदान होतं ते जाणत्या डोळ्यांनी पेशंटला बघून आणि पुढे औषधाने फरक पडतो का ते पाहून. मला हे पहिल्यांदा पटेना. एवढा मोठा आजार आणि एकही आकडा नाही? नंतर कळलं की लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये ह्या आजारावर जो निबंध लिहिला, तो अवघ्या सहा माणसांवर बेतलेला होता आणि त्यातले काही जण त्यांनी नुसते रस्त्यावर चालताना पाहिले होते. तेव्हा मला त्या फिजिओथेरपीच्या ताई आठवल्या. दोनशे वर्षांनंतरही आजार पकडला तो चालणं पाहूनच.

डॉक्टरांनी ह्यांचा चेहराही निरखला होता. पापण्या किती कमी लवतात ते मला दाखवलं. चेहऱ्याचे स्नायूही हातापायांसारखेच मंद होतात, ह्याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात, असं सांगितलं. आतून आनंद होतो, राग येतो, सगळं होतं. चेहऱ्यापर्यंत पोचत नाही.

परतताना आम्ही तलावपाळीला थोडं बसलो. कोपिनेश्वराच्या देवळातून घंटेचा आवाज येत होता. बराच वेळ दोघंही गप्प होतो. मग हे म्हणाले, "साखरपुड्याच्या दिवशी मी हसत होतो गं."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या रडल्या. तोवर लग्न होऊन तीन महिने झाले होते.

पुढचे काही महिने मी वाचत सुटले, मुलगीही वाचून सांगायची. मला जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगते. आपल्या मेंदूच्या बुंध्याच्या वरच्या टोकाला एक काळसर पट्टा असतो. त्याचं लॅटिन नावच 'काळा पदार्थ' अशा अर्थाचं आहे. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. ह्या आजारात त्या पेशी हळूहळू मरतात. त्यांच्यात एका प्रथिनाच्या गुठळ्या साठलेल्या सापडतात. १९१२ मध्ये त्या पहिल्यांदा नोंदवणाऱ्या लेवी ह्या शास्त्रज्ञाचं नाव त्यांना दिलेलं आहे. हालचालीत फरक दिसायला लागतो तोवर त्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. पेशी मुळात का मरतात ह्याचं बहुतेक रुग्णांच्या बाबतीत एक असं उत्तर मिळत नाही. वय, थोडा आनुवंशिकतेचा भाग, काही कीटकनाशकांशी आलेला संबंध, अशा गोष्टी एकत्र येतात.

हे झालं पुस्तकातलं. रोजच्या वागण्यात मला उपयोगी पडला तो एकच शब्द, 'आपोआप'. आपण दिवसभर किती गोष्टी आपोआप करतो! चालताना हात झुलतात. पापण्या लवतात. तोंडातली लाळ गिळली जाते. समोरचा लांब असेल तर आवाज चढतो. ओळखीचं माणूस दिसलं की ओठ हलतात. ह्यातलं काहीही आपण ठरवून करत नाही. पार्किन्सन हे आपोआप होणारं काढून घेतो. ठरवून केलेलं बरंचसं शिल्लक राहतं. फोटोग्राफर "हसा" म्हणाला तर हे हसू शकतात. कोणी नुसतं समोर येऊन उभं राहिलं तर हसू येत नाही. लाळ गळते ती जास्त सुटते म्हणून नाही, गिळायची आठवण राहत नाही म्हणून. आणि एका वेळी ठरवून एकच गोष्ट करता येते. हे चालत असताना मी काही विचारलं की पाऊल अडखळतं. म्हणून आता आम्ही कचराळी तलावाला फेऱ्या मारतो तेव्हा मी तोंडातून शब्द काढत नाही. बोलायचं असलं की बाकावर बसतो.

सोसायटीत बातमी पसरल्यावर लोक येऊन ह्यांचे हात बघायचे. "थरथर तर काही दिसत नाही, मग कसला पार्किन्सन?" सुरुवातीला कंप दिसतो तो साधारण ७० टक्के रुग्णांत. म्हणजे कितीतरी जणांत तो नसतो आणि त्यांचं निदान आमच्यासारखंच लांबतं. उलट हात थरथरणाऱ्या प्रत्येकाला पार्किन्सन नसतो. कप उचलताना, सही करताना हात कापतो तो बहुधा वेगळाच कंप. पार्किन्सनचा कंप हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना जास्त दिसतो. ह्यांना तो आला, पण निदानानंतर दोन वर्षांनी, आणि आजही सगळ्यांत कमी त्रास त्याचाच आहे.

आयुर्वेदातलं कंपवात हे नाव मात्र ह्या आजाराला चिकटलं आहे, आणि त्या वाटेने आमच्याकडे एका नातेवाइकांनी खाजकुइलीच्या बियांची पावडर आणून दिली. मला वाटलं डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. त्या बियांत लेव्होडोपा हे पार्किन्सनवरचं औषध खरोखरच असतं, म्हणाले. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी ह्या भारतीय संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळं काढून दाखवलं होतं. पार्किन्सनवर त्याचा उपयोग होतो हे साठच्या दशकात कळलं. अडचण अशी की पावडरीच्या एका चमच्यात ते किती आहे हे सांगता येत नाही. ह्यांच्या गोळीतही तेच औषध मोजून घातलेलं. दोन्ही एकदम घेतलं तर किती जातंय ते कोणालाच कळणार नाही. पावडर परत गेली.

गोळीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आमचं घर तिच्यावर चालतं. मेंदूत डोपामिन कमी पडतं तर डोपामिनच का देत नाहीत, असा मला प्रश्न पडला होता. कारण रक्तातून मेंदूत जाताना जो पडदा असतो तो डोपामिनला आत सोडत नाही. लेव्होडोपाला सोडतो, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. बाहेरच, पोटात आणि रक्तात, ते वाया जाऊ नये आणि मळमळ कमी व्हावी म्हणून सोबत कार्बिडोपा घातलेलं असतं. आजार ह्याने थांबत नाही. पण पहिल्या दोन महिन्यांत ह्यांनी शर्टाची बटणं स्वतः, माझ्याकडे न बघता लावली. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

पहिली तीन-चार वर्षं बरी गेली. दिवसातून तीन गोळ्या, थोडं पुढे-मागे झालं तरी चालायचं. मग गोळीचा असर तिच्या पुढच्या वेळेआधीच उतरायला लागला. आता सात, अकरा, तीन, सात असं घड्याळ आहे. त्यात अर्धा तास चुकला की ह्यांचं अंग लाकूड होतं. गोळी चढलेली असते तेव्हाचे हे आणि उतरलेली असते तेव्हाचे हे, ही दोन माणसं आहेत. सकाळी साडेअकराला दार उघडून पेपरवाल्याचे पैसे देणारा माणूस पावणेतीनला खुर्चीतून उठू शकत नाही. पाहुण्यांना हे कळत नाही. "मगाशी तर चांगले होते!" ह्या वाक्याचा मला फार त्रास होतो, कारण त्यात ढोंगाचा संशय असतो. एकेकाळी तो माझ्याही मनात होता.

खाण्याचंही गणित बसवावं लागलं. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेने आत शिरतात, त्यामुळे गोळीबरोबर डाळ, अंडं, मासे आले की गोळीला दारातच थांबावं लागतं. गोळी जेवणाच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, दुपारच्या जेवणात मासा नाही म्हणजे जेवणच नाही. आता मासे रात्री. दुपारी भात, भाजी, थोडं पातळ वरण. हे ह्यांनी कुरकुर न करता स्वीकारलं. माझीच जीभ वर्षभर हट्ट करत होती.

चालता चालता पाय जमिनीला चिकटायला सुरुवात २०२१ मध्ये झाली. टाळेबंदीत दीड वर्ष घरात बसल्याने भर पडली असावी, असं मला वाटतं. पाय गोठतात ते नेमके दारात, अरुंद जागेत, वळताना. आमच्या इमारतीच्या लिफ्टच्या उंबऱ्यावर हे उभे राहायचे. अंग पुढे, पाय मागेच. मागून कोणी "चला काका, चला" म्हणून हलकं ढकललं की हमखास तोल जाणार. दोनदा पडले, एकदा कपाळाला चार टाके पडले.

आणि हाच माणूस जिना चढतो! तिसऱ्या मजल्यापर्यंत, कठड्याला हात लावून, एका दमात. मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी पुण्याच्या मिलेहा सोनेजी ह्या डिझायनरचं काम सांगितलं. तिच्या काकांना पार्किन्सन होता, सपाट जमिनीवर चालता येत नव्हतं पण जिना उतरता-चढता येत होता. तिने घरातल्या सपाट जमिनीवरच पायऱ्यांचा भास होईल असं चित्र पसरलं आणि काका त्यावरून चालत गेले. पायरी डोळ्यांना दिसते, प्रत्येक पाऊल कुठे टाकायचं ते समोर आखलेलं असतं, म्हणून मेंदू आपोआपची बंद वाट सोडून दुसऱ्या वाटेने पाय उचलतो. आम्ही एवढं सुंदर काही केलं नाही. दिवाणखान्यापासून मोरीपर्यंत एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या मारल्या. रेघा ह्यांनीच फूटपट्टीने मोजून आखून दिल्या.

लिफ्टसाठी उपाय सापडला तो माझ्या शाळेतून. ताल दिला तर पाऊल सुटतं असं वाचलं होतं. मी लेझीम शिकवलेली. एक दिवस लिफ्टपाशी हे अडकले तेव्हा मी लेझमीचे आकडे मोजले, "एक, दोन, तीन, चार." तिसऱ्या आकड्याला पाय उचलला. आता आमच्या वॉचमनलाही सवय झालीय. तो ढकलत नाही, घाई करत नाही, शेजारी उभा राहून आकडे मोजतो.

आवाजाचंही तसंच. ह्यांना वाटतं आपण नेहमीसारखं बोलतोय, ऐकणाऱ्याला ओठ हललेले दिसतात फक्त. स्पीच थेरपीत शिकवलं की "नीट बोला" म्हणून उपयोग नाही, "मोठ्याने" एवढंच सांगायचं. रोज सकाळी गोळी चढली की हे गॅलरीत उभं राहून पाढे म्हणतात. बे ते तीस, मग पावकी, निमकी. समोरच्या इमारतीतली मुलं सुट्टीत बरोबर म्हणतात. चहा-पाण्याचा ठसका लागायला लागला तेव्हापासून हनुवटी खाली घेऊन छोटा घोट घ्यायचा आणि घोट तोंडात असताना बोलायचं नाही, असा नियम आहे. ठसका क्षुल्लक नाही. अन्न फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया हा ह्या आजारातला मोठा धोका आहे.

२०२२ मध्ये ह्यांना उलट्या सुरू झाल्या आणि एका खासगी रुग्णालयात दाखल करावं लागलं. तिथे उलटी थांबवायला मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं गेलं. हे औषध मेंदूत डोपामिनचंच काम अडवतं. पार्किन्सनच्या रुग्णाला ते देत नाहीत. त्यात गोळ्या वॉर्डाच्या वेळेने, म्हणजे नऊ, दोन आणि नऊला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे डोळे उघडून पडलेले, मान वळवता येईना. मी सिस्टरांना घड्याळ दाखवून सांगत होते आणि त्या बिचाऱ्या म्हणत होत्या की ऑर्डर तशीच आहे. आमच्या न्यूरॉलॉजिस्टशी फोनवर बोलणं करून दिलं तेव्हा कुठे सगळं बदललं. पूर्ववत व्हायला आठवडा गेला. तेव्हापासून ह्यांच्या पाकिटात आणि माझ्या पर्समध्ये एक कार्ड असतं. वर गोळ्यांच्या वेळा, खाली लाल अक्षरांत न चालणारी औषधं: मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल, आणि चक्करेवर सर्रास दिली जाणारी सिनारिझिन. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून असं कार्ड आजच लिहून घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती.

कागदपत्रांचं एक सांगायचं राहिलं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात पार्किन्सन धरलेला आहे, हे आम्हाला निदानानंतर तीन वर्षांनी कळलं. आम्हाला ते सांगितलं पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या मदतगटातल्या एका गृहस्थांनी. ही संस्था मुंबईत २००१ पासून काम करते. टाळेबंदीत तिचे वर्ग मोबाइलवर भरायचे आणि हे पहिल्यांदा स्वतःहून कशात तरी रमले ते तिथे. समोरच्या चौकटींत वीस-पंचवीस चेहरे, सगळे असेच न हसणारे. हे म्हणाले, "इथे कोणी मला विचारत नाही, काय झालं म्हणून."

निदानाआधीच्या वर्षात हे फार उदास असायचे. नाटक बघायला नको, लग्नाला नको. निवृत्तीमुळे असेल, असं मी धरलं होतं. उदासीही ह्या आजाराचाच भाग असू शकते, नुसती आजाराच्या दुःखाची प्रतिक्रिया नसते, आणि तिच्यावर वेगळं औषध असतं. ते सुरू केल्यावर फरक पडला. जेम्स पार्किन्सननी आपल्या निबंधात लिहिलं होतं की ह्या रुग्णांची बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात. तेवढं त्यांचं चुकलं. वास जातो, झोप मोडते, मन खचतं, आणि पुढे काहींची स्मृतीही उणावते.

माझ्याबद्दलही लिहायला हवं. मी चिडते. रात्री तीनदा कूस बदलून द्यावी लागते, कारण अंथरुणात वळणं हेही आपोआपच होत असतं. पहाटे चौथ्यांदा हाक आली की माझ्या तोंडून वाईट शब्द जातात. चेहऱ्यावर उत्तर दिसत नाही, त्यामुळे आपलं बोलणं लागलं की नाही तेही कळत नाही. लागतं. मी ते आता धरूनच चालते. गेल्या वर्षी मुलीने ठरवून टाकलं, महिन्यातले दोन शनिवार ती इथे राहणार आणि मी बहिणीकडे जाणार. सुरुवातीला मला अपराधी वाटायचं. आता मी शुक्रवारी पिशवी भरून ठेवते.

गेल्या काही महिन्यांत नवीन एक सुरू झालंय. संध्याकाळी ह्यांना गॅलरीत एक लहान मूल उभं दिसतं. भीती वाटत नाही, नुसतं दिसतं. एकदा मला म्हणाले, "त्याला आत घे, पाऊस लागतोय." आजारामुळेही असं होतं, औषधांमुळेही होतं. डॉक्टरांनी एक जादाची गोळी कमी केली, मूल आता कधीतरीच येतं, पण पाय थोडे जड झाले. एक ओढलं की दुसरं सुटतं, असं आहे. मेंदूत तार बसवण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चाही दोन वर्षांपूर्वी झाली होती. वय, पडण्याची भीती आणि विसरभोळेपणा बघून आम्ही दोघांनी आणि डॉक्टरांनी मिळून नको म्हटलं.

ह्यांच्या अक्षरासाठी मी चार रेघी वही आणली आहे, पहिलीच्या मुलांची असते तशी. रेघ दिसली की अक्षर मोठं राहतं. कोऱ्या कागदावर पुन्हा मुंग्या. रोज अर्धं पान. याद्या, रेडिओवरची बातमी, कधी जुन्या ड्रॉइंगची मापं. डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही आम्ही त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहितो, कारण तिथे गेल्यावर काहीच आठवत नाही. येत्या भेटीसाठी दोन प्रश्न मी लिहिलेत. रात्री उठताना रक्तदाब उतरून चक्कर येते त्याचं काय, आणि सातची गोळी सव्वासहाला चालेल का. तिसरा ह्यांनी लिहिला होता. मागच्या पानावर रेघा नाहीत, त्यामुळे तो मला लागला नाही. वही समोर धरून मी विचारलं, "काय लिहिलंय हो?" आणि थांबले. बराच वेळ लागला.

"गणपतीला गावी जाता येईल का."

मी तो खाली मोठ्या अक्षरात पुन्हा लिहून ठेवला.